जलसेतू, मोरी की पन्हळ?

विचारणा (नाशिक रोड): वेल्समधल्या पॉन्टकसल्टे इथे डी नदीवरून कालवा नेला आहे. त्याचे मराठी माहितीपत्रक करायचे आहे. कोशात ‘जलसेतू’ सापडतो, पण वाचक तो ‘पाण्यावरचा पूल’ असा घेतील असे वाटते. ‘मोरी’ चालेल का? आणि पाणी ज्या लोखंडी भागातून जाते त्याला काय म्हणावे?

उत्तर (निफाड): मोरी अजिबात नको. रस्त्याखालून पाणी काढून देते ती मोरी. तिथे पाणी खाली आणि वाट वर असते. तुमच्याकडे पाणीच वरून चालले आहे. कालवा आणि ओढा एकमेकांना छेदतात तिथे वर कोण, एवढे आधी पाहावे. कालवा वर आणि ओढा खालून मोकळा वाहतो, तो जलसेतू. ओढा वर आणि कालवा खाली, तो सुपर पॅसेज. कालवाच बंद नळातून ओढ्याखाली बुडी मारून पलीकडे वर येत असेल तर सायफन. आपल्याकडे कालव्यावरचे लोक सरसकट ‘सायफन’ म्हणून मोकळे होतात, पण माहितीपत्रकात ती चूक नको, कारण दोघांची दुखणी वेगळी आहेत. सायफनच्या तळाशी वेग कमी पडला की गाळ बसतो, तोंडाशी काडीकचरा अडकतो. जलसेतू गळतो तो सांध्यातून. दगडी बांधकाम असेल तर पिंपळाची मुळे सांधा उकलतात, आणि गळते पाणी खांबाच्या पायाशी माती धुऊन नेते.

उत्तर (सिन्नर): गोंधळ ‘सागरी सेतू’मुळे होतो. वांद्रे-वरळीचा पूल सागरावरचा, म्हणून जलसेतू जलावरचा, असे मनात बसते. पण सेतूच्या मुळाशी ‘सि’ म्हणजे बांधणे हा धातू आहे. बांध हा त्याचा जुनाच अर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सहोदक आणि आहार्योदक सेतू येतात, म्हणजे स्वतःचे पाणी असलेली आणि बाहेरून पाणी आणलेली सिंचनाची बांधकामे. तेव्हा ‘जलसेतू’ बिनधास्त ठेवा. पहिल्या उल्लेखाला ‘कालवा वाहून नेणारा पूल’ एवढी फोड करा, पुढे गरज नाही.

उत्तर (येवला): लोखंडी भागाला ‘पन्हळ’. ‘डोणी’ नको, तिच्यातले पाणी गुरांसाठी भरून ठेवलेले असते. ‘थारोळे’ तर मोट रिकामी होते ती जागा. पन्हळ म्हटले की छपराची चिंचोळी पन्हळ आठवते हे खरे, म्हणून मापे लगेच द्या: रुंदी सुमारे ३.६ मीटर, खोली १.६ मीटर, लांबी ३०७ मीटर. १८ खांब, १९ गाळे, नदीपासून उंची ३८ मीटर. बिडाच्या पत्र्यांचे सांधे साखरेच्या पाकात बुडवलेल्या फ्लॅनेलने भरले आणि वर शिसे ओतले. मग पाणी भरून सहा महिने गळती पाहिली. १७९५ ला सुरू झालेले काम १८०५ मध्ये खुले झाले. अभियंते टेलफर्ड आणि जेसप. ‘बीड’च लिहा, नुसते ‘लोखंड’ नको. तो भाग ओतीव आहे हे त्यातूनच कळते.

विचारणा (नाशिक रोड): पन्हळ ठरली. आता घोडे नाव ओढत ज्या वाटेने चालत तो ‘टो-पाथ’, त्याला काय म्हणावे? ‘ओढवाट’ सुचते आहे.

उत्तर (सिन्नर): ‘ओढवाट’ वाचताना ओढ्याची वाट वाटेल, आणि ‘घोडवाट’मधून नाव ओढण्याचा अर्थच निघून जातो. सरळ ‘नाव ओढण्याची वाट’ लिहा.

उत्तर (येवला): तिची जागाही सांगा. ती पन्हळीच्या शेजारी नसून पाण्याच्या वर, पन्हळीतल्याच खांबांवर टेकली आहे. नाव पुढे सरकते तेव्हा बाजूला सारलेल्या पाण्याला तिच्याखाली जागा मिळते, नाहीतर अरुंद पन्हळीत नाव जड चालली असती. हा भाग भाषांतरात गळला तर चित्रच चुकते.

उत्तर (निफाड): भेट देणाऱ्यांसाठी एक इशारा ठळक घाला. कठडा फक्त वाटेच्या बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला पन्हळीची कड पाण्यापेक्षा वीतभरच उंच, पलीकडे थेट दरी. मुले सोबत असतील तर कठड्याच्या बाजूने हात धरून न्यावीत. चालत जायला पैसे पडत नाहीत. ट्रेव्हर इथून वाटेवर येता येते, जवळचे रेल्वे स्थानक रुआबन. नावा एका वेळी एकाच दिशेने जातात, म्हणून समोरची नाव पुलावर असेल तर थांबावे लागते. या थांबण्याला ‘आवर्तन’ म्हणू नका. आपल्याकडे आवर्तन कालव्याला सुटणाऱ्या पाण्याच्या पाळीलाच म्हणतात.