शब्दचर्चा : ‘मशीनिस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ‘मेड इन डॅगेनहॅम’ या म्युझिकलचा (लंडन, अडेल्फी थिएटर, २०१४-१५) मराठीत परिचय लिहायचा आहे. विषय पूर्व लंडनमधल्या डॅगेनहॅम इथल्या फोर्डच्या मोटार कारखान्यातल्या बायकांचा १९६८ चा संप. त्यातल्या ‘सुइंग मशीनिस्ट’ना ‘शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया’ म्हटलं तर चालेल? ‘ग्रेड’ला ‘श्रेणी’ आणि ‘म्युझिकल’ला ‘संगीत नाटक’ लिहितो आहे.

— ‘शिवणकाम’ नको. शिवणकाम घरी होतं, शिवणाच्या क्लासात होतं. कारखान्यात होते ती शिलाई. या १८७ जणी मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायच्या. कामावर घेताना मशीनवर चाचणी व्हायची आणि तरीही वर्गवारीत काम ‘कमी कौशल्याचं’. भांडण त्यावरच होतं, त्यामुळे घरगुती शब्द वापरलात तर मालकाची बाजू नकळत तुमच्याच वाक्यात शिरते. नुसतं ‘मशीनिस्ट’ही नको. आपल्याकडे मशीनिस्ट हा आयटीआयचा ट्रेड आहे. वाचकाच्या डोळ्यापुढे मिलिंग मशीन येईल, टीप मारणारी बाई नाही. ‘शिलाई कामगार’ लिहा. गारमेंट युनिटमधला ‘ऑपरेटर’ अर्थाने जवळचा, पण परिचयात कोरडा वाटतो.

— ‘ग्रेड’ची गंमत वेगळी. या बायकांना ‘बी’मधून ‘सी’मध्ये जायचं होतं, म्हणजे वर. आपल्या सरकारी नोकरीत ‘गट अ’ सगळ्यात वर. ‘ब मधून क मध्ये घ्या’ अशी मागणी वाचून मराठी माणूस म्हणेल, या स्वतःच खाली का चालल्या? म्हणून अक्षरं इंग्रजीच ठेवा आणि पहिल्याच उल्लेखात ‘त्याहून वरची सी ग्रेड’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘वेतनश्रेणी’ म्हटलं की पगाराचा स्केल एवढाच अर्थ पोचतो, कामाची प्रतवारी निसटते.

— ‘समान वेतनासाठी संप’ हेही जपून लिहा. दोन गोष्टी आहेत. एक, ग्रेड. दुसरी, त्याच ‘बी’ ग्रेडमध्ये पुरुषाला मिळायचा त्याच्या ८५ टक्केच दर बायकांना मिळायचा. ७ जूनला संप सुरू झाला, कव्हरं संपली, गाड्यांचं उत्पादन थांबलं. तीन आठवड्यांनी मंत्री बार्बरा कॅसल यांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला तो पुरुषांच्या दराच्या ९२ टक्क्यांचा. ‘सी’ ग्रेड मिळायला १९८४ आणि आणखी एक संप लागला. त्यामुळे ‘समान वेतन मिळवलं’ चूक; ‘समान वेतनाच्या कायद्याला चालना दिली’ बरोबर. तो ब्रिटिश कायदा १९७० चा, अंमल १९७५ च्या अखेरीपासून.

— ‘संप’ बरोबर. ‘हरताळ’ मराठीत आता बाजारपेठ बंद ठेवण्याला किंवा ‘तत्त्वांना हरताळ फासणे’ यातच उरलाय. पोथीतलं चुकलेलं अक्षर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाने पुसत, तो हा दुसरा. बाय द वे, गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा.

— ‘संगीत नाटक’ म्हटलं की किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासूनची पदं आठवतात : कथा थांबते, नट ताना घेतो, वन्समोअर येतो. म्युझिकलमध्ये गाण्यातच कथानक पुढे सरकतं, नाचही त्यातच. ‘म्युझिकल’च राहू द्या. त्यातल्या गाण्यांना ‘पद’ तर मुळीच म्हणू नका. आणि नायिका रीटा ओग्रेडी काल्पनिक आहे, तिला ‘संपाची पुढारी’ म्हणून इतिहासात बसवू नका.

— संपकरी बायकांच्या बॅनरचा प्रसंग घेणार असाल तर एक अडचण. मूळ मजकूर ‘वुई वाँट सेक्स इक्वॅलिटी’. कापड पूर्ण उलगडलं नाही, शेवटचा शब्द घडीत राहिला आणि बघणारे हसले. ‘आम्हाला स्त्री-पुरुष समानता हवी’ असं भाषांतर केलंत की विनोद मेला, कारण मराठीत क्रियापद शेवटी. घडीत ‘हवी’ जाईल, ‘समानता’ नाही. बॅनर देवनागरीत जसाच्या तसा द्या, अर्थ पुढच्या वाक्यात.