‘अन्टिल’ आणि ‘अनलेस’पुढचा ‘नॉट’ का खोडतात?

फोंडा_बारावी: मराठीतून इंग्रजी करताना दोन वाक्यं हमखास अडतात. ‘फेरीबोट येत नाही तोपर्यंत थांब’ याचं ‘वेट अन्टिल द फेरी डझन्ट कम’ आणि ‘तिकीट काढलं नाहीस तर बसमध्ये घेणार नाहीत’ याचं ‘अनलेस यू डोन्ट बाय अ टिकेट, दे वोन्ट लेट यू ऑन’. दोन्हीकडे ‘नॉट’वर लाल काट. मराठीत ‘नाही’ आहे, मग इंग्रजीत का नको? आणि ‘नायदर’सोबत ‘ऑर’ चालतं का?

धक्क्यावरचा: ‘अनलेस’च्या पोटातच ‘नाही’ आहे. पुन्हा ‘डोन्ट’ घातलंत की ‘तिकीट काढलंस तर घेणार नाहीत’ असा उलटा अर्थ होतो. ‘अनलेस यू बाय अ टिकेट’ एवढंच लिहा. पुढची गोष्ट असली तरी त्या भागात ‘विल’ नको: ‘अनलेस इट रेन्स’.

‘अन्टिल’ची भानगड वेगळी. मराठी वाट बघण्याचा सगळा काळ मोजते, त्या काळात फेरी नसते, म्हणून ‘येत नाही’. इंग्रजी वाट संपते तो क्षण धरते, आणि त्या क्षणी फेरी आलेली असते. म्हणून ‘अन्टिल द फेरी कम्स’.

मात्र प्रत्येक ‘इफ नॉट’ खोडून ‘अनलेस’ बसवू नका. ‘तो आला नाही तर मला नवल वाटेल’ इथे न येणं हेच नवलाचं कारण, तिथे ‘इफ ही डझन्ट कम’च हवं. वाक्यरूपांतराच्या प्रश्नांत नेमकं इथेच घसरतात.

पोई_की_उंडो: ‘नायदर’चा जोडीदार ‘नॉर’, ‘आयदर’चा ‘ऑर’. अदलाबदल नाही. इथे मराठी उलट मदतीला येते: ‘ना पैसा आहे, ना वेळ’, क्रियापद होकारी. इंग्रजीतही तसंच, ‘ही हॅज नायदर मनी नॉर टाइम’. ‘डझन्ट हॅव नायदर’ नाही.

‘नायदर’ची जागा जपा. ‘ही नायदर ईट्स पोई नॉर उंडो’ (दोन्ही गोव्यातले पाव) लंगडं, कारण एकीकडे क्रियापद, दुसरीकडे नुसतं नाम. ‘ही ईट्स नायदर पोई नॉर उंडो’ बरोबर.

क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं. ‘नायदर द पोदेर नॉर हिज सन्स वर ॲट होम’ (पोदेर म्हणजे पाववाला). पोदेर शेवटी आला तर ‘वॉज’, पण ते कानाला खटकतं. अनेकवचन शेवटी ठेवावं. आणि ‘दोघंही आले नाहीत’ याचं ‘बोथ डिड नॉट कम’ करू नका, त्यातून एकजण आला असाही अर्थ निघतो. ‘नायदर ऑफ देम केम’.

लाल_पेन: राहिलेलं एक. ‘नॉर’ने नवं उपवाक्य सुरू झालं की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी: ‘ही डिडन्ट कम, नॉर डिड ही कॉल’. ‘नॉर ही कॉल्ड’ चूक, ‘नॉर डिड ही नॉट कॉल’ त्याहून चूक.

‘लेस्ट’ म्हणजे ‘होऊ नये म्हणून’. पुढे ‘शुड’ किंवा मूळ क्रियापद, ‘लेस्ट ही फॉल’. ‘फॉल्स’ नाही, ‘नॉट’ तर नाहीच. बोलताना कुणी वापरत नाही, परीक्षेपुरतं ठेवा.

फोंडा_बारावी: मग ‘डोन्ट गेट ऑफ अन्टिल द बस स्टॉप्स’ यातला ‘डोन्ट’ चालेल?

धक्क्यावरचा: चालेल. तो मुख्य वाक्याचा आहे; ‘अन्टिल’च्या पलीकडे ‘नॉट’ गेला नाही ना, तेवढं बघायचं.