हृदयविकारामुळे मिळणारी डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली गेली आहे. पुढील अपिलाबाबत सल्ला हवा आहे

दुधनाकाठ (जि. परभणी)

नमस्कार. माझे वडील ३१ जुलै २०२१ रोजी तोफखान्यातून हवालदार या हुद्द्यावर निवृत्त झाले. २०१८ च्या हिवाळ्यात त्यांचे युनिट शांतता क्षेत्रात असताना सकाळच्या पीटीनंतर त्यांच्या छातीत कळ आली. सैनिकी रुग्णालयात अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवण्यात आला आणि तेव्हापासून निवृत्तीपर्यंत ते लो मेडिकल कॅटेगरीतच (पूर्ण तंदुरुस्तीपेक्षा खालच्या वैद्यकीय श्रेणीत) राहिले. त्याआधीची त्यांची पोस्टिंग लडाखमधील उंचावरच्या, अतिथंड द्रासला होती. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने आजाराचे नाव ‘इस्केमिक हार्ट डिसीज’ आणि अपंगत्व ३० टक्के, आजीवन, असे नोंदवले. मात्र हा आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा शेरा दिला. परिणामी सर्व्हिस पेन्शन सुरू झाली, पण डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधील अपंगत्वाचा वेगळा भाग) मिळाले नाही. पहिले अपील २०२२ मध्ये त्याच शेऱ्याचा हवाला देऊन फेटाळले गेले आणि त्यानंतर आम्ही काहीच केलेले नाही.

वडिलांचे म्हणणे असे की, फौजेने उपचार केले, पेन्शन दिली, आता पुन्हा कशाला भांडायचे. मला ते पटत नाही. दुसरे अपील करावे की थेट सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जावे, आणि मुदत निघून गेली आहे का, हे कृपया सांगावे. आमच्या परिचयातील एकाने नांदेडच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून ‘हा आजार तणावामुळे झाला’ असे प्रमाणपत्र घेण्यास सुचवले आहे. त्याचा उपयोग होईल का?

माजी सुभेदार, अहमदपूर

प्रथम आपल्या वडिलांना रामराम सांगावा आणि हेही सांगावे की, हे भांडण नाही. नियमाने देय असलेली रक्कम मागणे यात फौजेचा अनादर होत नाही. मी जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये काम केले आहे, आणि संकोचापोटी कागद पेटीत ठेवून देणारे कितीतरी जवान पाहिले आहेत.

प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. आजचा डॉक्टर आजचे हृदय पाहून लिहील. वाद मात्र २०१८ मध्ये तो आजार कोणत्या परिस्थितीत सुरू झाला, याचा आहे. त्याचे उत्तर फौजेच्याच कागदांत आहे. सर्वांत आधी मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, सर्व पानांसह मिळवा. पुष्कळांकडे केवळ नामंजुरीचे पत्र असते आणि त्यावरच अपील लिहिले जाते. त्या फॉर्ममध्ये वडिलांच्या पोस्टिंगचा तक्ता, आजार प्रथम कधी व कोठे आढळला याची नोंद आणि बोर्डाने दिलेले कारण असते. बहुतेक वेळा ते कारण एका ओळीत उरकलेले आढळते.

दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे चौदा दिवसांच्या कामाचा तक्ता. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी २००२ मध्ये काढलेल्या आणि २००८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत, सहाव्या प्रकरणाच्या ४७ व्या परिच्छेदात, हृदयविकाराची सुरुवात होण्यापूर्वीच्या चौदा दिवसांत जवान कोणती ड्युटी करत होता हे तपासण्यास सांगितले आहे. हा तक्ता युनिटकडून भरला जातो. त्यात ‘नॉर्मल ड्युटी’ एवढे दोनच शब्द असतील, तर त्या काळात युनिट फायरिंगच्या तयारीत होते का, रात्रीची गार्ड किती वेळा लागली, रजा नाकारली गेली होती का, हे वडिलांकडून आठवून लिहून घ्या. पोस्टिंग, रजा आणि अटॅचमेंट (दुसऱ्या युनिटकडे तात्पुरती नेमणूक) यांच्या नोंदी युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये असतात, त्याही मागा. तोफखान्याचे रेकॉर्ड नाशिक रोड कॅम्पला आहे, त्यामुळे पत्रव्यवहार तेथेच करावा लागेल.

वकील, छत्रपती संभाजीनगर

सुभेदार साहेबांनी कागदांविषयी जे लिहिले आहे त्याला मी पूर्ण दुजोरा देतो आणि कायद्याची बाजू मांडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंह प्रकरणात निर्णय दिला. त्या प्रकरणातील जवानाचा आजार हृदयाचा नव्हता, अपस्माराचा (फिट येण्याचा) होता. परंतु तत्त्व आपल्याला लागू पडते. भरतीच्या वेळी जवानाच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर तो निरोगी अवस्थेत दाखल झाला असे गृहीत धरले जाते, नंतर झालेला आजार सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर येतो आणि बोर्डाने आपल्या मताची कारणे लिहिणे अपेक्षित असते. म्हणून ‘तणाव नव्हता’ एवढ्याच वाक्यावर थांबलेला शेरा हा अपिलातील आपला सर्वांत भक्कम मुद्दा ठरतो. डिसॅबिलिटी पेन्शनचे २०२३ चे नवे पात्रता नियम २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत. आपल्या वडिलांचे प्रकरण २००८ च्या नियमांखाली येते. कोणी नव्या नियमांचा दाखला देऊन परत पाठवले, तर हा मुद्दा लेखी मांडावा.

तरीही मी खात्री देणार नाही. २०१९ मध्ये नरसिंह यादव प्रकरणात, मानसिक आजाराच्या संदर्भात, याच न्यायालयाने हे गृहीतक आपोआप लागू होत नाही असे म्हटले आहे. बोर्डाचे मत तज्ज्ञांचे असते आणि न्यायाधिकरण ते सहज बाजूला सारत नाही. म्हणून केवळ निवाड्यांची नावे जोडून भागणार नाही. द्रासमधील सेवा, त्यानंतरची ड्युटी आणि आजाराची सुरुवात यांची सलग साखळी कागदांवरून दिसली पाहिजे.

मुदतीविषयी सांगतो. दुसरे अपील सहा महिन्यांत करायचे असते, ती मुदत टळली आहे. तरी विलंबाचे कारण देऊन ते दाखल करावे, असे माझे मत आहे, कारण सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यात आधी उपलब्ध मार्ग वापरण्याची अपेक्षा आहे. सहा महिन्यांत त्यावर निर्णय आला नाही, तर मुंबईच्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उत्पन्न होतो, त्यामुळे उशीर झाला म्हणून दावाच बुडतो असे नाही. मात्र २००८ च्या तरसेम सिंह निवाड्यानुसार थकबाकी साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. आपल्या वडिलांची तीन वर्षे केव्हाच उलटली आहेत, म्हणजे यापुढे जितके महिने आपण थांबाल तितक्या महिन्यांची थकबाकी हातची जाईल.

रकमेचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देतो. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के एलिमेंट मिळते. वेतन ४०,००० रुपये धरले, तर शंभर टक्क्यांना १२,००० आणि ३० टक्क्यांना ३,६०० रुपये होतात. परंतु १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निवाड्यानंतर, मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के धरण्याचा लाभ मिळतो, त्यामुळे हीच रक्कम दरमहा ६,००० रुपये होते आणि त्यावर महागाई सवलत वेगळी. हा लाभ मागणीत स्पष्ट शब्दांत लिहावा, तो न्यायाधिकरणावर सोडू नये.

दुधनाकाठ (जि. परभणी)

आपल्या दोघांचे मनापासून आभार. एक गोष्ट विचारायची राहिली. वडील पूर्वी विडी ओढत असत आणि रुग्णालयाच्या कागदात तशी नोंद आहे. ती आमच्या विरोधात जाईल का? शिवाय मुंबईच्या वकिलांचे शुल्क आम्हाला झेपणारे नाही.

वकील, छत्रपती संभाजीनगर

नोंद लपवू नका. बोर्डाने धूम्रपान हेच कारण म्हणून लिहिले आहे की केवळ इतिहासात त्याचा उल्लेख आहे, हे आधी पाहा. या दोन्हींत मोठा फरक आहे. कारण म्हणून लिहिले असेल, तर विडी किती वर्षे व किती प्रमाणात होती आणि ती केव्हा सोडली, हे प्रामाणिकपणे मांडून, सेवेतील ताणामुळे आजार किमान वाढला तरी असावा, असा पर्यायी मुद्दा घ्यावा. नियमात सेवेमुळे झालेला आणि सेवेमुळे वाढलेला, हे दोन स्वतंत्र आधार आहेत. यांतील दुसऱ्या आधाराकडे अपील लिहिणाऱ्यांचे सर्रास दुर्लक्ष होते.

खर्चासाठी परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून, तिच्याद्वारे सैनिक मंडळांच्या कार्यालयांत कायदेविषयक मदत देणे अपेक्षित आहे. वकील निवडताना त्याने न्यायाधिकरणासमोर पेन्शनची प्रकरणे चालवली आहेत का, हे विचारा. दिवाणी न्यायालयातील उत्तम वकीलही या नियमांत नवखा असू शकतो. थकबाकीतील टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला कागदांच्या मूळ प्रती देऊ नका.

माजी सुभेदार, अहमदपूर

रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करून कागद आले नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह पाठवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज वडिलांच्याच नावाने आणि त्यांच्याच सहीने गेला पाहिजे, कारण वैद्यकीय कागद ही व्यक्तिगत माहिती असल्याने मुलाने मागितल्यास नकार येऊ शकतो. सर्व्हिस नंबर, हुद्दा व निवृत्तीची तारीख लिहा, माजी सैनिक ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत जोडा आणि ‘मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, चौदा दिवसांचा ड्युटी तक्ता आणि पहिल्या अपिलाच्या निर्णयाची कारणांसह प्रत’ अशी नेमकी मागणी करा. कागद आले की येथे कळवा, अपिलाचा मसुदा आपण मिळून पाहू.