शब्दचर्चा: ‘छद्म’ की ‘आभासी’?

धरमपेठकर: बी.एस्सी.च्या पोरांसाठी मराठीत टिपणं काढून राहिलो. ‘स्यूडोरँडम’ला, म्हणजे ठरलेल्या हिशेबानं काढलेल्या पण दिसायला कसेही पडल्यासारख्या आकड्यांना, काय म्हणावं? जुन्या वहीत ‘आभासी यादृच्छिक’ सापडलं. आणि हे यादृच्छिक म्हणजे यथेच्छचं भावंड का?

महालकर: भावंड नाही. यथेच्छ म्हणजे यथा + इच्छा. यदृच्छा म्हणजे यद् + ऋच्छा, त्यात इच्छेचा संबंधच नाही. कुणी न ठरवता आपसूक घडतं ते. गीतेतला ‘यदृच्छालाभसंतुष्टो’ आठवा. (आणि ‘यादृच्छीक’ लिहू नका, च्छि ऱ्हस्व.)

‘आभासी’ मात्र नको, तो शब्द व्हर्च्युअलवाल्यांनी नेला. शिवाय इथं आकडे खरेच असतात, खोटी असते ती त्यांची यदृच्छा. छद्म म्हणजे सोंग, वेषांतर. नेमका हाच.

इतवारीवाला: काहून बाप्पा? सोंग म्हटलं की कमीपणा येते. आकडे तर चांगले चालतात!

महालकर: कमीपणा सोंग उघडं पडलं की येतो, आणि सुरुवातीची सोंगं लवकर उघडी पडली. असे आकडे काढायची गणितज्ञ फॉन नॉयमनची मध्य-वर्ग रीत घ्या: चार अंकी संख्येचा वर्ग करा, आठ अंकांत लिहा, मधले चार उचला, पुन्हा तेच. कॅल्क्युलेटरवर ६१०० घाला. वर्ग ३७२१००००, मधले २१००. पुढे ४१००, मग ८१००, आणि परत ६१००! घाण्याचा बैल. ३७९२ तर जागचा हलतच नाही; वर्ग १४३७९२६४, मधले पुन्हा ३७९२. फॉन नॉयमनला हे ठाऊक होतं. अंकगणितानं असे अंक काढू बघणारा पापाचा धनी, असं त्यानंच १९५१ साली गमतीनं लिहून ठेवलंय.

धरमपेठकर: आणि ‘रँडू’ नावाची रीत?

महालकर: ते सोंग जास्त दिवस टिकलं. १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर सर्रास वापरात होतं. मागच्या संख्येला ६५५३९ नं गुणायचं, २ च्या ३१ व्या घातानं भागून बाकी ठेवायची. एकेक आकडा बघितला तर शंका येत नाही. पण लागोपाठचे तीन घ्या: तिसरा = ६ × दुसरा − ९ × पहिला (पुन्हा बाकीच्याच हिशेबात). म्हणून तीन-तीन आकड्यांचे बिंदू घनात मांडले तर ते सगळीकडे विखुरत नाहीत, अवघ्या १५ प्रतलांवर बसतात, वहीच्या पानांसारखे. असा दोष या गुणाकाराच्या सगळ्या घराण्यातच आहे, हे गणितज्ञ मार्साग्लियानं १९६८ मध्ये दाखवलं; रँडूत तो फारच उघडा.

इतवारीवाला: मग ‘तोतया’ म्हणा ना! सदाशिवरावभाऊंचा होता तसा.

महालकर: तोतया कुणा एकाचं नाव लावून येतो. इथं तसा कुणी मूळ मालक नाही.

धरमपेठकर: ‘सीड’ला, म्हणजे सुरुवातीला घालतो त्या संख्येला, बीज?

महालकर: लिहिताना बीज, शिकवताना बियाणं. तेच बियाणं पेरलं की तेच पीक, दाण्याला दाणा. कापसाच्या गावची पोरं लगेच धरतात.

धरमपेठकर: ठीक. टिपणात ‘छद्म-यादृच्छिक’. फळ्यावर मात्र ‘सोंगाडे आकडे’ लिहीन, ते जोडाक्षर खडूनं नीट निघत नाही.