मदत हवी आहे : स्क्रीन टेस्टमध्ये नटाची खरी ओळख कशी होते?

नमस्कार मंडळी. माझी पहिली शॉर्टफिल्म, २० मिनिटांची. बहीण-भावाच्या भूमिकांसाठी ६ जणांच्या स्क्रीन टेस्ट घेतल्या. प्रत्येकाला दोन पानांचा सीन आधी पाठवला होता, त्यामुळे सगळे पाठ करून आले. वाईट कुणीच नव्हतं, पण कुणाची ओळखही झाली नाही.

एक क्षण मात्र डोक्यातून जात नाही. मी 'कट' म्हटल्यावर एका मुलीने सुस्कारा सोडला आणि बाहीचं सुटलेलं बटण चाचपत नुसती बसून राहिली. कॅमेरा चुकून चालूच होता. मला हवी असलेली बहीण त्या दहा सेकंदांत दिसली!

अमेरिकन चित्रकार आणि फिल्ममेकर अँडी वॉरहॉलने १९६४ ते १९६६ दरम्यान लोकांना कॅमेऱ्यासमोर जवळजवळ ३ मिनिटं नुसतं बसवून मूक चित्रण केलं होतं. तसं काही करावं का? की आधी साध्या गप्पा मारून त्या चित्रित कराव्यात आणि मग तोच सीन वेगळी सूचना देऊन पुन्हा करायला सांगावा? सूचना ऐकून नट किती बदलतो, हे मला अभिनयाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

शिवाय, भावंडांची जोडी जुळते का हे बघायला दोघांना एकत्र कधी बोलवावं, पहिल्याच फेरीत की निवड दोन-तीन जणांवर आल्यावर? आणि समोरचे संवाद मीच वाचले तर माझं लक्ष मॉनिटरवर राहत नाही, त्याचं काय करता?

पुढची फेरी रविवारी आहे. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.