अनुभव धागा : बांधकामाची मजुरी – दर, हाजरी, माप आणि हिशोब

गवंड्याचा किंवा बिगाऱ्याचा आजचा दर मजूर नाक्यावर कोणीही सांगतो. पैसे बुडतात ते दरात नाही, मापात आणि हिशोबात. म्हणून या धाग्यात आपापल्या कामातली पक्की माहिती लिहा : काय मोजतात, कसं मोजतात, कुठे अडकतं. स्वतःची कहाणी नको. दर गावोगाव वेगळे असल्याने रुपयांचे आकडे आले तर ते 'समजा' म्हणूनच घ्यावेत.

नाक्यावरून मजूर नेणारा मुकादम, पुणे

वारजे असो की डांगे चौक, अड्ड्यावरचा खरा बाजार सकाळी आठ ते साडेनऊचा. त्यानंतर उभा राहिलेला माणूस पाऊण हाजरीवरही (हाजरी म्हणजे एका दिवसाची मजुरी) येतो, आणि नेणाऱ्यालाही ते माहीत असतं. गाडीत बसण्याआधी पाच गोष्टी बोलून घ्याव्यात : काम नेमकं काय, कितव्या मजल्यावर, किती वाजेपर्यंत, जाण्या-येण्याचं भाडं कोणाकडे आणि पैसे संध्याकाळी हातात की 'उद्या येऊन घेऊन जा'. मजला विचारायचा कारण लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर वाळू चढवणं आणि तळमजल्यावर माल कालवणं यांना एकच दर लावला जातो. राडारोडा उचलणं, तोडफोड, खोदाई ही कामं साध्या बिगारीत धरू नयेत. त्यांचा दर वेगळा असतो.

'फक्त दोन तासांचं काम आहे' म्हणून नेलं तरी अर्धी हाजरी ठरवूनच निघावं. ते दोन तास संपेपर्यंत अड्डा उठलेला असतो. दिवाळी, होळी आणि जूनमधली पेरणी या तीन वेळी माणसं गावी जातात आणि उरलेल्यांचा दर चढतो. वाढीव दर मागायचा तो तेव्हाच, एरवी मागून कोणी देत नाही.

गिलावा अंगावर घेणारा ठेकेदार

पहिलं भांडण ब्रासवरून. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, गिलाव्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. विटकामात दोन्ही चालतात. चार इंची भिंत चौरस फुटावर धरतात, नऊ इंची कधी घनफुटावर. चिठ्ठीवर नुसतं 'ब्रास' लिहू नका, 'चौ. फू.' किंवा 'घ. फू.' लिहा.

अंगावर, म्हणजे मापाप्रमाणे ठेक्याने, घेताना आधी रोजाचं गणित करावं. आतला १२ मिलिमीटरचा एक हाती (एकाच थराचा) गिलावा एक गवंडी आणि एक बिगारी मिळून दिवसाला साधारण एक ब्रास होतो. समजा गवंडी १००० आणि बिगारी ७००, तर ब्रासमागे १७०० फक्त हाजरीचेच जातात. त्याच्या खाली काम घेतलं तर सरळ रोजावर गेलेलं बरं. आणि हा एक ब्रास मोकळ्या हॉलचा. संडास-बाथरूम, डक्ट, जिन्याखालचा भाग इथे कोपरेच कोपरे असतात, तिथे निम्मंही होत नाही. बाहेरचा गिलावा दोन हातांचा, २० मिलिमीटरच्या आसपास, शिवाय परांची (उभं राहायचं मचाण) बांधणं-सोडणं. परांचीचं साहित्य आणि मजुरी कोणाची हे न ठरवता बाहेरचं काम घेणं म्हणजे तोटा.

दुसरं भांडण दारं-खिडक्यांच्या वजावटीचं. भारतीय मानक १२०० चा नियम सरळ आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या (सुमारे साडेपाच चौरस फूट) झरोक्याची वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटर, म्हणजे साधारण ३२ चौरस फुटांपर्यंत, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट, आणि मग बगला (दार-खिडकीच्या आतल्या कडा) वेगळ्या मोजायच्या नाहीत. त्याच्या वर दोन्ही बाजू वजा, पण बगला मिळवायच्या. म्हणजे ४ × ४ ची खिडकी (१६) आणि ३ × ७ चं दार (२१) मधल्या गटात, बाल्कनीचं ६ × ७ चं सरकतं दार (४२) शेवटच्या गटात. मालक दोन्ही बाजू वजा करतो आणि बगलाही देत नाही, तिथेच ठेकेदाराचा नफा जातो.

विटांच्या भिंतीची एक बाजू सरळ येते, दुसरी खडबडीत. खडबडीत बाजूला १५ मिलिमीटर लागतात. भिंत ओळंब्यात नसेल तर कुठे कुठे २५ चढतात. ती जाडी गवंड्याच्या माथी मारू नये. माल फेकण्याआधी ओळंबा लावून मालकाला दाखवावं आणि 'जादा जाडी' त्याच दिवशी वहीत लिहून घ्यावी. गिलावा झाल्यावर आत काय आहे ते कोणाला दिसत नाही.

काँक्रीटला टाचे मारणं (गिलावा धरावा म्हणून खाचा पाडणं) आणि कॉलम-विटकामाच्या सांध्यावर जाळी ठोकणं हेही वेगळं काम. दरात धरलं नसेल तर होत नाही, आणि नाही केलं तर नेमकी त्याच रेषेत भेग पडते.

सेंटरिंगवाला

सेंटरिंगचा, म्हणजे काँक्रीटच्या साच्याचा, दर दोन पद्धतींनी ठरतो : स्लॅबच्या चौरस फुटावर, नाहीतर काँक्रीटला प्लेट जिथे जिथे लागते त्या सगळ्या क्षेत्रावर. फरक किती पडतो ते पाहा. स्लॅब १००० चौरस फूट. ९ × १८ इंची तुळया २५० फूट. स्लॅब ५ इंची असेल तर तुळईची प्रत्येक बाजू १३ इंच उघडी राहते, दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५४० चौरस फूट. ९ × १५ इंची, दहा फूट उंचीचे बारा कॉलम : एकाचा घेर ४ फूट, म्हणजे ४० चौरस फूट, बाराचे ४८०. बेरीज २०२०. जिना अजून धरलेलाच नाही. म्हणजे प्लेटच्या क्षेत्रावरचा दर स्लॅबच्या क्षेत्राला लावला तर निम्मं काम फुकट. नवीन पोरं इथेच फसतात, दर ऐकून खूश होतात आणि माप कशावर ते विचारत नाहीत.

उंची दहा फुटांच्या वर गेली की टेकू जोडावे लागतात, आडवे बांध वाढतात. त्याचा जादा दर आधीच ठरवावा. छज्जे, माळे, पाण्याची टाकी, लिफ्टचा खड्डा यांची नावं एकेक करून लिहावीत, 'सगळं धरून' असं लिहून देऊ नये.

पैसे अडकतात ते खोलण्यापाशी. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. तुळयांना ६ मीटरपर्यंत १४, वर २१. कॉलमच्या बाजू १६ ते २४ तासांत निघतात. हे दिवस साध्या सिमेंटचे आणि बऱ्या हवेतले आहेत. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट किंवा थंडी असेल तर आणखी थांबावं लागतं. ठेकेदाराच्या प्लेटा तितके दिवस अडकतात, भाड्याच्या असतील तर मीटर चालूच. म्हणून लवकर खोलायचा मोह होतो. उपाय एकच : किती दिवसांनी खोलायचं ते करारात लिहा आणि मालकाच्या सांगण्यावरून त्यापुढे ठेवलं तर दिवसाचं भाडं मालकाकडे. खोलण्याच्या मजुरीसाठी दहा टक्के रक्कम मागे ठेवणं ठीक. त्याहून जास्त मागे ठेवू देऊ नये, टोळीचा पगार त्यातूनच व्हायचा असतो.

स्वतःच्या घरावर देखरेख करणाऱ्यांसाठी, एक पर्यवेक्षक

सेंटरिंगवाल्याने वर धरलेल्या १००० चौरस फुटांच्या स्लॅबचंच काँक्रीट काढलं तर स्लॅब ४१६ घनफूट, तुळयांचा खालचा भाग सुमारे २०० घनफूट, मिळून साडेसतरा घनमीटर. एम-२० ला (ही काँक्रीटची एक प्रत) घनमीटरला सिमेंटच्या आठ गोण्या धरल्या तर १४० गोण्या. एका गोणीच्या मिक्सरवर तासाला पंधरा-वीस गोण्या जातात, म्हणजे सात ते नऊ तास. सकाळी अकराला सुरू केलेला स्लॅब रात्रीवर जाणार, आणि मग जादा पैशाचा वाद होणार. मशीन सातला चालू झालं पाहिजे.

स्लॅबची टोळी बऱ्याच ठिकाणी गोणीवर किंवा उक्ती (सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून) असते. दोन्हीकडे लवकर उरकण्याची घाई, आणि घाईत पाणी वाढतं, कारण पातळ माल पाटीतून पटकन सरकतो. प्रमाणावर केलेल्या एम-२० ला एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर, ओल्या वाळूतलं पाणी धरून. मशीनपाशी मोजाचा डबा ठेवून एक माणूस उभा करा. टोळीला शिव्या देऊन उपयोग नाही. व्हायब्रेटर नीट चालत असेल तर त्यांनाही पाणी लागत नाही.

फिटर

फिटर म्हणजे सळई कापून-वाकवून बांधणारा. सळईचं वजन म्हणजे व्यास (मिमीमध्ये) गुणिले व्यास भागिले १६२, मीटरला किलो. १२ मीटरच्या सळईला ८ मिमीचे ४.७४, १० चे ७.४, १२ चे १०.६६, १६ चे १८.९६ किलो. मजुरी टनावर असते, पण टन कोणता? काट्यावरचा, की नकाशाप्रमाणे सूत्राने काढलेला? मानकात १० मिमीपर्यंत ७ टक्के आणि १२ ते १६ ला ५ टक्के कमीजास्त चालतं. सळई हलकी आली तर काट्याच्या टनात जास्त सळया, म्हणजे कापणं, वाकवणं, बांधणं जास्त आणि पैसे तेवढेच. सूत्राने बिल करणं फिटरच्या फायद्याचं. जोड, खुर्च्या (वरची सळई उचलून धरणारे आधार) आणि तुकडे धरायचे की नाही तेही आधीच ठरवावं. तार टनाला आठ-दहा किलो जाते, ती मालकाने द्यायची.

मोठ्या साइटवरचा टाइमकीपर

हाजरी वही एक ठेकेदाराकडे असते. दुसरी मजुराकडे हवी, कार्ड किंवा साधी डायरी, रोज संध्याकाळी सहीसकट. सही मिळत नसेल तर ठेकेदाराच्या वहीच्या पानाचा आठवड्याला एक फोटो. 'पाव हाजरी कापली' हे महिन्याने सांगतात तेव्हा तो कोणता दिवस हे कोणालाच आठवत नाही.

खर्ची आणि पगार वेगळे लिहावेत. आठवड्याला किराण्यापुरती खर्ची, महिन्याने हिशोब, आणि 'एक पगार मागे' अशी रीत आहे. मागे राहिलेला तो पगारच मजुराला बांधून ठेवतो. गावाहून निघताना घेतलेली उचल तिसऱ्या रकान्यात लिहावी. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ नयेत असा कायदा आहे.

आता जादा वेळ. रात्री स्लॅब चालला आणि बारा तास भरले की सगळीकडे दीड हाजरी देतात. कायद्याने जादा तास दुप्पट. ८ तासांचे ८०० असतील तर तास १०० चा, जादा चार तासांचे २०० प्रमाणे ८००. म्हणजे बारा तासांच्या दोन हाजऱ्या होतात. दीड नाही.

किमान वेतनात मूळ दर अधिक विशेष भत्ता असतो. भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, म्हणून जुना कागद दाखवला तर तारीख पाहा. मासिक आकड्यावरून रोज काढताना २६ ने भागायचं, ३० ने भागलं की मजुराचे पैसे गेले.

बाया बिगारी कामाला असतात त्यांच्याबद्दल

वर 'बिगारी ७००' लिहिलंय तो गड्याचा दर. त्याच पाट्या, तोच मजला, आणि बाईला शंभर-दोनशे कमी. समान कामाला समान मजुरी १९७६ पासून कायद्यात आहे. ठेकेदार वहीत कामाचं नाव बदलून पळवाट काढतो, 'मदतनीस', 'झाडलोट'. जोडीने काम घेताना नवरा-बायकोची हाजरी एकाच नावावर चढवू देऊ नये. मग बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला लागणारे बाईचे ९० दिवस कागदावर येतच नाहीत आणि ती नोंदणी हुकते.

कामगार संघटनेचा कार्यकर्ता

नव्वद दिवसांचा विषय निघालाच आहे तर. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम. प्रमाणपत्र ठेकेदार किंवा विकासक देतो, गावात ग्रामसेवक, शहरात महापालिकेचा अधिकारी. अर्ज बहुतेक वेळा परत येतो तो या कागदावरून : जावक क्रमांक नाही, तारखांची बेरीज ९० भरत नाही, शिक्का पुसट, नाव आधारपेक्षा वेगळं. नोंदणी फी नाममात्र आहे. हजार-दोन हजार मागणारा दलाल असतो. नूतनीकरण दरवर्षी. ते चुकलं की मुलांची शिष्यवृत्तीही थांबते. पहिली ते सातवी २५०० आणि आठवी ते दहावी ५००० रुपये वर्षाला, पहिल्या दोन मुलांना, ७५ टक्के हजेरीच्या दाखल्यावर. लोक मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी रांगा लावतात आणि हा अर्ज विसरतात.

मजुरी बुडाली तर फक्त मुकादमावर तक्रार करू नये, तो फोन बंद करून गावी जातो. ठेकेदाराने दिली नाही तर मूळ मालकाने, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्या विकासकाने, द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेलं आहे आणि नव्या कामगार संहितेतही आहे. फलकावरच्या महारेरा क्रमांकावरून विकासकाचं पूर्ण नाव-पत्ता मिळतो. तो अर्जात घालून सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या, पोच घ्या. सोबत हाजरीचे फोटो आणि फोनपेचा उतारा. खर्ची फोनवर आली असेल तर काम केल्याचा तो सगळ्यात सोपा पुरावा.

अपघाताच्या दाव्यांचं काम पाहणारा

कामावरच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईचं १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेलं सूत्र : मासिक पगाराचा निम्मा गुणिले वयाचा गुणक. ३० वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८. जानेवारी २०२० पासून पगार जास्तीत जास्त १५,००० धरत आले. त्या हिशोबाने १५,५९,८५० रुपये. साइटवर मात्र दोन लाखांत 'मिटवून' कागदावर अंगठा घेतात. मृत्यूची रक्कम भरपाईचं काम पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते, घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली सहसा भरपाईत धरली जात नाही. त्यामुळे तो कागद झाला असला तरी दावा करता येतो. महिन्याभरात जमा केली नाही तर १२ टक्के व्याज, वर निम्म्यापर्यंत दंड. मंडळात नोंदणी जिवंत असेल तर कामावरच्या मृत्यूचे ५ लाख वेगळे, ते यातून वजा होत नाहीत.

पहिल्या दिवशी तीन कागद जपावेत : पोलिसांचा पंचनामा, दवाखान्यातला पहिला केसपेपर आणि त्या दिवसाची हाजरी. केसपेपरवर 'घरी पडला' असं लिहिलेलं नाही ना, ते तिथेच वाचून घ्यावं. जखमी माणसाला नेणारा बहुतेक ठेकेदाराचाच असतो, आणि डॉक्टर विचारतात त्यालाच.