मदत हवी आहे: कोळ्याच्या विषातलं औषध मेंदूपर्यंत पोहोचतं कसं?
बारावीच्या मुलांसाठी पक्षाघातावर टिपण लिहितेय. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या ग्लेन किंग यांच्या गटाला ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेब कोळ्याच्या विषात एचआय१ए हे पेप्टाइड (प्रथिनासारखा रेणू) सापडलं. रक्तपुरवठा तुटला की मेंदूत आम्लता वाढते, त्यामुळे पेशींवरच्या ठरावीक आयन वाहिन्या (विद्युतभारित कण आत-बाहेर जाण्याचे मार्ग) उघडतात आणि पेशी मरतात. हे पेप्टाइड त्या वाहिन्याच रोखतं. उंदरांना झटक्यानंतर ८ तासांनी देऊनही फायदा झाला, केवढी मोठी गोष्ट आहे ही!

२०१७ चा मूळ शोधनिबंध वाचलाय. त्यात इंजेक्शन थेट मेंदूतल्या पोकळीत दिलंय. रुग्णवाहिकेत ते कसं जमणार? औषधशास्त्रातलं कुणी सांगेल का: एवढं मोठं पेप्टाइड शिरेतून दिलं तर रक्त-मेंदू अडथळा (रक्तातले बरेचसे पदार्थ मेंदूत शिरू न देणारा पेशींचा थर) ओलांडतं, की झटक्याने तो अडथळा सैल होतो तेवढंच पुरतं?